बाजारात तुरी

१० जून २०१८. लॉस एंजेलिसमध्ये ई-थ्री या व्हिडिओ गेम्सच्या वार्षिक प्रदर्शनाच्या निमित्ताने बेथेस्डा कंपनीचा कार्यक्रम संपत आला होता. कंपनीच्या गेम्सचे दिग्दर्शक टॉड हॉवर्ड यांनी आधी 'फॉलआउट ७६'बद्दल सांगितलं, मग 'स्टारफील्ड' या नव्याकोऱ्या गेमची झलक दाखवली आणि शेवटी पडद्यावर एक डोंगराळ मुलूख उलगडला. वर विरळ ढग, खाली खडकाळ जमीन, मागे चाहत्यांना पाठ असलेली धून. पाठोपाठ अक्षरं उमटली: 'द एल्डर स्क्रोल्स सिक्स'. सगळं मिळून ३६ सेकंद. उपनाव नाही, तारीख नाही, गेम कोणत्या यंत्रावर चालणार याचा उल्लेख नाही. तरी सभागृहात जल्लोष झाला, कारण या मालिकेतला आधीचा भाग, 'स्कायरिम', ११ नोव्हेंबर २०११ रोजी आला होता आणि लोक तेव्हापासून पुढच्या भागाची वाट पाहत होते.

२०२६ साल उजाडलं तरी त्या ३६ सेकंदांत फारशी भर पडलेली नाही. मधल्या काळात बेथेस्डाची मालक कंपनी मायक्रोसॉफ्टने साडेसात अब्ज डॉलरला विकत घेतली. 'स्टारफील्ड' सप्टेंबर २०२३ मध्ये बाजारात आला. त्याच वर्षी जूनमध्ये मायक्रोसॉफ्टच्या गेमिंग विभागाचे तेव्हाचे प्रमुख फिल स्पेन्सर यांनी अमेरिकेतल्या एका न्यायालयात साक्ष देताना सांगितलं की, 'एल्डर स्क्रोल्स सिक्स' अजून किमान पाच वर्षं दूर आहे. म्हणजे घोषणेपासून धरलं तर दहा वर्षं. 'स्कायरिम' आला तेव्हा दहावीत असलेला मुलगा पुढचा भाग हातात घेईल तेव्हा त्याचं स्वतःचं मूल शाळेत जात असेल. खुद्द हॉवर्ड यांनी नंतर एका मुलाखतीत कबूल केलं की, पुन्हा संधी मिळाली तर ती घोषणा आपण इतक्या थाटात केली नसती.

गेमर लोकांची या प्रकरणातली चीड बाहेरच्यांना अनेकदा पोरकट वाटते. एक खेळ उशिरा आला तर एवढं काय बिघडलं, असं सहज म्हटलं जातं. पण चीड उशिराबद्दल नसतेच. चांगल्या गोष्टीला वेळ लागतो हे शंभर-दोनशे तास एका कल्पित जगात घालवलेल्या माणसाला कुणी शिकवायला नको. त्याचं दुखणं वेगळं आहे. त्याला शब्द दिला गेला, आणि तो देताना समोर तो बसलेला असला तरी देणाऱ्याची नजर दुसऱ्याच कुणाकडे होती. कधी गुंतवणूकदारांकडे, कधी दुकानदारांकडे, कधी नोकरी शोधणाऱ्या कुशल प्रोग्रॅमरकडे, तर कधी प्रतिस्पर्धी कंपनीकडे. घाईच्या घोषणांचा चाळीस वर्षांचा इतिहास चाळला की हेच वारंवार दिसतं.

या इतिहासाची सुरुवात अटारी या गेम कंपनीपासून करता येते. १९८२ मध्ये अटारीने 'स्वोर्डक्वेस्ट' नावाच्या चार गेम्सची मालिका एकदमच जाहीर केली: अर्थवर्ल्ड, फायरवर्ल्ड, वॉटरवर्ल्ड आणि एअरवर्ल्ड. प्रत्येक गेमसोबत डीसी कंपनीचं कॉमिक मिळायचं. गेममधले धागे आणि कॉमिकमधले संकेत जुळवून कोडं सोडवायचं, मग अंतिम स्पर्धेत उतरायचं. बक्षिसं खरीखुरी होती, सोन्याची आणि रत्नजडित. पहिल्या गेमच्या विजेत्याला २५ हजार डॉलरचं पदक, पुढच्यांना चषक, मुकुट वगैरे, आणि चारही विजेत्यांमधल्या अखेरच्या लढतीत जिंकणाऱ्याला ५० हजार डॉलरची तलवार. मालिकेच्या रचनेत जगभरच्या परंपरांचा आधार घेतलेला होता. पहिल्या गेममध्ये राशिचक्र होतं, आणि वॉटरवर्ल्डची रचना तर आपल्या योगशास्त्रातल्या सात चक्रांवर बेतलेली होती.

पदक दिलं गेलं, चषकही दिला गेला. मग १९८३ मध्ये अमेरिकेतला व्हिडिओ गेम्सचा बाजार कोसळला आणि अटारी तोट्यात बुडाली. वॉटरवर्ल्डच्या थोड्याच प्रती निघाल्या. जुलै १९८४ मध्ये मालक वॉर्नर कंपनीने अटारीचा घरगुती विभाग उद्योजक जॅक ट्रॅमिएल यांना विकला आणि एअरवर्ल्डचं नावही मागे पडलं. ज्यांनी पहिले तीन गेम विकत घेऊन चौथ्यासाठी कॉमिकची पानं जपून ठेवली होती, त्यांच्या कोड्याला शेवटच राहिला नाही. २०२२ मध्ये अटारीच्या पन्नाशीनिमित्त निघालेल्या संग्रहात डिजिटल एक्लिप्स या स्टुडिओने एअरवर्ल्ड नव्याने कल्पून बनवला. तोवर पहिल्या भागाला चाळीस वर्षं झाली होती.

१९८३ मध्ये, अटारी अडचणीत होती त्याच वर्षी, कॅलिफोर्नियात आणखी एक कंपनी बुडाली, आणि तिच्या बुडण्याने घाईच्या घोषणेला एक कायमचं नाव मिळालं. ही कंपनी ॲडम ऑसबर्न यांची. त्यांचं बालपण तामिळनाडूत तिरुवण्णामलैला गेलं होतं. त्यांचे वडील रमण महर्षींचे भक्त होते. याच ऑसबर्न यांनी एप्रिल १९८१ मध्ये 'ऑसबर्न १' हा उचलून नेता येणारा संगणक १,७९५ डॉलरला बाजारात आणला आणि तो धडाक्याने खपला. पण १९८३ मध्ये पुढच्या, अधिक चांगल्या मॉडेलची चर्चा सुरू झाली, दुकानदारांनी जुन्या मॉडेलच्या ऑर्डर थांबवल्या आणि सप्टेंबरमध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. इतिहासकार म्हणतात की, प्रतिस्पर्ध्यांची स्वस्त यंत्रं आणि आयबीएमचा वाढता जोर ही कारणंही तितकीच मोठी होती. तरी उद्योगजगतात 'ऑसबर्न इफेक्ट' हा शब्द रूढ झाला तो झालाच. पुढचा माल आधी दाखवला की आजचा माल पडून राहतो, ही भीती पुढे कितीतरी वर्षं कंपन्यांच्या मनात राहिली.

मग गेम कंपन्यांना ही भीती का वाटत नाही? कारण गेमच्या बाबतीत हिशेब उलटा असतो. नवा संगणक येणार म्हटल्यावर जुना कुणी घेत नाही. पण पुढचा भाग येणार म्हटल्यावर आधीचा भाग आवर्जून खेळला जातो. कथा ठाऊक हवी, नकाशा ठाऊक हवा, पात्रांची ओळख हवी. 'स्कायरिम' नव्या यंत्रांसाठी पुन्हा पुन्हा विकला गेला आणि २०२३ पर्यंत त्याच्या सहा कोटींहून अधिक प्रती खपल्या. त्यामुळे पुढच्या भागाची घोषणा कंपनीला जवळपास फुकट पडते. तिची किंमत वाट पाहणारा मोजतो.

या वाट पाहण्याचं सर्वांत मोठं उदाहरण टेक्सासमध्ये घडलं.

गारलंड या गावातल्या थ्रीडी रिएल्म्स कंपनीने जानेवारी १९९६ मध्ये 'ड्यूक न्यूकेम थ्रीडी' आणला. काळा गॉगल, सोनेरी केस, तोंडात सिगार आणि सतत चाललेली बडबड असा हा ड्यूक. गेम प्रचंड चालला. २८ एप्रिल १९९७ रोजी कंपनीने पुढचा भाग जाहीर केला: 'ड्यूक न्यूकेम फॉरेव्हर'. त्या काळात वर्षभरात पुढचा भाग येणं अगदी नेहमीचं होतं. 'डूम' डिसेंबर १९९३ मध्ये आला आणि 'डूम टू' त्यानंतर वर्षही पूर्ण व्हायच्या आत. मोजकी माणसं, एक चांगलं इंजिन (ज्यावर गेम बांधला जातो ते सॉफ्टवेअर) आणि रात्रंदिवस काम एवढ्यावर गेम उभा राहायचा. म्हणून १९९७ मधली ती घोषणा त्या वेळी कुणालाही अवाजवी वाटली नाही, आणि प्रामाणिकपणे पाहिलं तर ती फसवणूकही नव्हती.

सुरुवातीला क्वेक कुळातल्या इंजिनावर काम सुरू झालं. १९९८ च्या ई-थ्रीमध्ये ट्रेलर दाखवला गेला आणि लोक खूश झाले. लगेच पुढच्या महिन्यात कंपनीने इंजिन बदलून 'अनरिअल' घ्यायचं ठरवलं. फार वेळ वाया जाणार नाही, असं तेव्हा सांगण्यात आलं. प्रत्यक्षात जवळपास सगळं पुन्हा बांधावं लागलं. २००१ मध्ये पुन्हा ट्रेलर आला, पुन्हा टाळ्या पडल्या. गेम कधी येणार यावर कंपनीचं एकच उत्तर असायचं: झाला की येईल. 'वायर्ड' मासिक दरवर्षी जाहीर होऊनही न आलेल्या वस्तूंची यादी काढायचं. 'ड्यूक' तिथे इतक्यांदा वरच्या जागी आला की २००३ च्या यादीत त्याला चक्क जीवनगौरव देण्यात आला.

अडचण कुठे होती? कंपनीचे मालक जॉर्ज ब्रूसार्ड आणि स्कॉट मिलर यांच्याकडे आधीच्या यशाचा भरपूर पैसा होता. गेमवर ते स्वतःचा पैसा लावत होते, त्यामुळे बाहेरचा प्रकाशक त्यांना तारखेत बांधू शकत नव्हता. ही बाब स्वप्नवत वाटते, पण तीच घातक ठरली. क्लाइव्ह थॉम्पसन यांनी २००९ मध्ये 'वायर्ड'मध्ये या प्रकरणावर सविस्तर लिहिलं. ब्रूसार्ड दुसऱ्या कुणाचा नवा गेम पाहायचे आणि त्यातली एखादी करामत आपल्या गेममध्येही हवी, असा आग्रह धरायचे. ती घालेपर्यंत बाजारात आणखी काही नवीन आलेलं असायचं. मालकांचे दोन कोटी डॉलर खर्च झाले. मे २००९ मध्ये पैसा संपला आणि अख्ख्या चमूला घरी पाठवण्यात आलं. प्रकाशक टेक-टू कंपनीने खटला भरला. अखेर गिअरबॉक्स या दुसऱ्या स्टुडिओने अर्धवट गेम ताब्यात घेऊन पूर्ण केला आणि जून २०११ मध्ये तो दुकानात आला. घोषणेपासून चौदा वर्षं आणि वर सुमारे दीड महिना. समीक्षकांनी तो झोडपला. वाट पाहणाऱ्यांच्या मनात इतक्या वर्षांत जो ड्यूक वाढला होता, त्याच्या जवळपासही हा पोहोचत नव्हता.

'ड्यूक'ची कथा बहुतेक वेळा हसण्यासाठी सांगितली जाते. ती माणसांची म्हणून वाचली की हसू येत नाही. बारा वर्षं तिथे खपलेल्या कारागिरांपैकी कित्येकांना स्वतःचं काम कुणाच्या हातात पडलेलं पाहायलाच मिळालं नाही.

अनिश्चितता असली की गप्प राहावं, हा धडा सगळ्यांनी घेतला असता तर पुढचं सगळं टळलं असतं. पण गेमच्या धंद्याची घडीच घोषणांभोवती बसलेली होती. ई-थ्री हे प्रदर्शन मे १९९५ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये सुरू झालं ते मुळात दुकानदारांसाठी. नाताळात कोणत्या गेमच्या किती पेट्या मागवायच्या हे ठरवायला ते येत. त्यांना दाखवायला काहीतरी हवं, म्हणून अपुऱ्या गेम्सचे तुकडे सजवून मांडले जायचे. पुढे पत्रकार आले, मग थेट प्रक्षेपण आलं आणि मुळात व्यापाऱ्यांसाठी असलेला हा दिखावा घरबसल्या प्रत्येक गेमरपर्यंत पोहोचू लागला. दुकानदाराला त्यातलं अर्धं खरं धरायची सवय होती. पंधरा वर्षांच्या मुलाला नव्हती.

व्हॉल्व्ह कंपनीने २००३ च्या ई-थ्रीमध्ये 'हाफ-लाइफ टू' दाखवला आणि तारीखही सांगून टाकली: ३० सप्टेंबर २००३. 'हाफ-लाइफ'चं नाव महाराष्ट्रात घरोघरी नसलं तरी त्याच्या पोटातून जन्मलेला 'काउंटर-स्ट्राइक' पुण्या-मुंबईच्या सायबर कॅफेंत तासावर पैसे देऊन खेळला जात होताच. एटीआय कंपनीने आपल्या ग्राफिक्स कार्डांच्या खोक्यांत 'हाफ-लाइफ टू'ची कुपनं टाकायला सुरुवात केली. हजारो लोकांनी कार्डं घेतली आणि कुपन जपून ठेवलं. तारीख आठवड्यावर आली तेव्हा गेम येणार नाही हे कळलं. ऑक्टोबरच्या सुरुवातीला एका हॅकरने कंपनीच्या संगणकांतून पळवलेला कोड बाहेर आला आणि सगळ्यांना दिसलं की गेम सप्टेंबरमध्ये पूर्ण होण्याच्या आसपासही नव्हता. तो १६ नोव्हेंबर २००४ रोजी आला. अप्रतिम होता, आजही पहिल्या रांगेत बसतो.

म्हणूनच पुढचं जास्त लागतं. इतकी वर्षं थांबवायला नको म्हणून व्हॉल्व्हने पुढची कथा छोट्या भागांत द्यायचं ठरवलं. तीन भाग जाहीर झाले. पहिला जून २००६ मध्ये आला, दुसरा ऑक्टोबर २००७ मध्ये, आणि तो एका मृत्यूवर, ऐन दुःखाच्या क्षणी थांबला. तिसरा आलाच नाही. रद्द केला असंही कंपनीने तेव्हा सांगितलं नाही. कथालेखक मार्क लेडलॉ कंपनी सोडून गेल्यावर २०१७ मध्ये त्यांनी पात्रांची नावं बदलून एक कथा प्रसिद्ध केली, आणि तिसऱ्या भागात काय घडलं असतं हे चाहत्यांनी त्यातून ओळखलं. दहा वर्षं थांबलेल्यांना शेवट मिळाला तो असा, वाचायला. पुढे २०२४ मध्ये, 'हाफ-लाइफ टू'च्या वीस वर्षांनिमित्त निघालेल्या माहितीपटात कंपनीचे प्रमुख गेब न्यूएल यांनी सांगितलं की, तिसरा भाग गेमच्या दृष्टीने काय नवं देईल हे आपल्यालाच उमगलं नव्हतं. हे उत्तर मनापासूनचं आहे आणि पटतंही. ते २००९ मध्ये मिळालं असतं तर कितीतरी लोकांची मनं शांत झाली असती.

मधल्या वर्षांत अशी प्रकरणं इतकी वाढली की सगळी सांगायची तर वेगळं पुस्तक लागेल. 'डेड आयलंड टू' २०१४ मध्ये जाहीर झाला, एका स्टुडिओकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे गेला आणि एप्रिल २०२३ मध्ये आला. 'फायनल फँटसी व्हर्सस थर्टीन' २००६ मध्ये जाहीर झाला आणि नाव, दिग्दर्शक बदलून २०१६ मध्ये 'फायनल फँटसी फिफ्टीन' म्हणून अवतरला. 'शेनमू थ्री'च्या बाबतीत तर घोषणा हीच विक्री होती. २०१५ च्या ई-थ्रीमध्ये सोनीच्या मंचावरून लोकवर्गणीचं आवाहन झालं, दोन तासांच्या आत दहा लाख डॉलर जमले आणि अखेरीस सुमारे ६९ हजार लोकांनी ६३ लाख डॉलर दिले. गेम ठरल्या वेळेपेक्षा जवळजवळ दोन वर्षं उशिरा आला. त्याआधी, वर्गणी घेताना ज्या ऑनलाइन दुकानात तो मिळेल असं सांगितलं होतं ते सोडून दुसऱ्याशी करार झाला, तेव्हा वर्गणीदार भडकले. त्यांचा राग रास्त होता. पैसे आगाऊ देणारा माणूस गिऱ्हाईक राहत नाही, तो कामात भागीदार झालेला असतो.

दरम्यान गेम बनवण्याचं कामच अवाढव्य झालं. स्पेन्सर यांनी साक्ष दिली त्याच २०२३ च्या मायक्रोसॉफ्टच्या खटल्यात सोनीची काही कागदपत्रं नीट न झाकता सादर झाली आणि त्यातून आकडे बाहेर आले: 'द लास्ट ऑफ अस'च्या दुसऱ्या भागाला २२ कोटी डॉलर लागले, आणि ऐन जोरात काम चालू असताना सुमारे दोनशे पूर्णवेळ माणसं त्यावर होती. 'होरायझन फॉरबिडन वेस्ट'ला पाच वर्षं आणि २१ कोटींवर डॉलर. इतकी माणसं जमवायची तर आपण काय बनवतोय हे जगाला सांगावं लागतं. नाहीतर चांगला ॲनिमेटर दुसरीकडची नोकरी सोडून येणार कशाला? घोषणेचं हे कारण खरं आहे आणि त्यात लबाडी नाही. पण भरतीची जाहिरात भरतीच्या जागी द्यावी. तिच्यावर आवडत्या मालिकेचं नाव आणि संगीत चढवून लाखो मुलांसमोर नाचवायची गरज नसते.

या सगळ्यात निन्टेन्डोचं वागणं उठून दिसतं, चुकीतही आणि दुरुस्तीतही. जून २०१७ मध्ये, स्विच हे यंत्र बाजारात येऊन तीन महिने झाले असताना, 'मेट्रॉइड प्राइम फोर'चं फक्त नाव दाखवलं गेलं. ती घोषणा यंत्र विकण्यासाठी होती हे उघड आहे. पण जानेवारी २०१९ मध्ये कंपनीचे वरिष्ठ अधिकारी शिन्या ताकाहाशी स्वतः कॅमेऱ्यासमोर आले. काम आमच्या दर्जाला उतरलेलं नाही, आम्ही ते पहिल्यापासून सुरू करतोय, आधीचे भाग बनवणाऱ्या टेक्सासच्या रेट्रो स्टुडिओकडे देतोय, आणि यामुळे तुम्हाला फार थांबावं लागेल, असं त्यांनी सरळ सांगितलं. लोक हिरमुसले, पण भडकले नाहीत. गेम डिसेंबर २०२५ मध्ये आला.

ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेड शहरात टीम चेरी नावाचा एक चिमुकला स्टुडिओ आहे. एरी गिब्सन आणि विल्यम पेलन यांच्यासह मोजकी माणसं. २०१४ मध्ये त्यांनी लोकवर्गणीतून ५७ हजार ऑस्ट्रेलियन डॉलर उभे केले आणि २०१७ मध्ये 'हॉलो नाइट' आणला. किड्यांच्या एका उजाड राज्याची ती हाताने रेखाटलेली कथा. पुढे तिच्या दीड कोटी प्रती खपल्या. वर्गणीदारांना त्यांनी वचन दिलं होतं की, हॉर्नेट या पात्राला घेऊन खेळता येईल अशी एक पुरवणी देऊ. ती पुरवणी वाढत गेली आणि १४ फेब्रुवारी २०१९ रोजी तिचा वेगळा गेम जाहीर झाला: 'सिल्कसाँग'.

मग सुरू झाली एका पिढीची प्रतीक्षा. जून २०२२ मध्ये एक्सबॉक्सच्या कार्यक्रमात 'सिल्कसाँग' दिसला आणि दाखवलेलं सगळं बारा महिन्यांत खेळता येईल असं सांगण्यात आलं. मे २०२३ मध्ये कळलं की ते जमणार नाही. त्यानंतर जवळपास शांतता. चाहत्यांनी दर कार्यक्रमाआधी आशा लावायची, कार्यक्रम संपल्यावर विदूषकाचा मेकअप केलेली चित्रं एकमेकांना पाठवायची, असा रिवाजच पडला. एका चाहत्याने तर रोज एक व्हिडिओ करून आज काही बातमी नाही एवढंच सांगायचा नेम वर्षानुवर्षं पाळला. नव्या भागात कोणता शत्रू कठीण असेल, नकाशा केवढा असेल, यावर न पाहिलेल्या गेमवरून कडाक्याची भांडणं व्हायची. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, ही आपली म्हण तिथे अक्षरशः लागू पडत होती. तरी या भांडणांत एक जिवंतपणा होता, आणि तो टीम चेरीच्या कामावरच्या प्रेमातून आलेला होता हे नाकारता येत नाही.

२१ ऑगस्ट २०२५ रोजी स्टुडिओने तारीख सांगितली: ४ सप्टेंबर. अवघे चौदा दिवस. छोट्या छोट्या स्टुडिओंनी आपले गेम त्या आठवड्यातून घाईघाईने हलवले. ठरल्या दिवशी ऑनलाइन दुकानं गर्दीने कोलमडली आणि एकट्या स्टीमवर पाच लाखांहून जास्त लोक एकाच वेळी खेळताना दिसले. किंमत वीस डॉलर. वर्गणीदारांना फुकट. इतका वेळ का लागला, यावर गिब्सन आणि पेलन यांनी सांगितलं की, आम्ही अडलो नव्हतो, आम्हाला करताना मजा येत होती आणि म्हणून जग वाढत गेलं. निर्मात्याला असं स्वातंत्र्य मिळायलाच हवं. फक्त २०१९ ऐवजी २०२५ मध्ये ते नाव पहिल्यांदा उच्चारलं असतं, तरी गेम तितकाच सुंदर झाला असता.

हे करता येतं याचे दाखले आहेत, आणि त्यातला एक तर बेथेस्डाचाच आहे. 'फॉलआउट फोर' जून २०१५ मध्ये जाहीर झाला आणि नोव्हेंबरमध्ये आला. एप्रिल २०२५ मध्ये त्यांनी 'ऑब्लिव्हियन' या जुन्या गेमची नवी आवृत्ती ज्या दिवशी जाहीर केली त्याच दिवशी विक्रीला ठेवली. ई-थ्री तर २०२३ च्या डिसेंबरमध्ये कायमचं बंद झालं. कंपन्या आता आपापले कार्यक्रम हव्या त्या दिवशी करू शकतात. जूनच्या त्या एका आठवड्यात काहीतरी दाखवलंच पाहिजे, ही सबब उरलेली नाही.

आपल्याकडच्या वाचकांनी मात्र सर्वांत नीट पाहायला हवं ते पुण्याचं आणि मुंबईचं प्रकरण. इथे गोष्ट पुढच्या भागाची नव्हती, जुन्या गेमच्या नव्या अवताराची होती. पण दुखणं तेच.

'प्रिन्स ऑफ पर्शिया' हे नाव महाराष्ट्रात वेगळं सांगावं लागत नाही. जॉर्डन मेक्नर यांचा १९८९ मधला मूळ गेम आपल्याकडे नव्वदच्या दशकात संगणकाच्या क्लासमध्ये, सर बाहेर गेले की चालू व्हायचा. युबिसॉफ्ट कंपनीच्या मॉन्ट्रियल स्टुडिओने २००३ मध्ये त्याला 'द सँड्स ऑफ टाइम' या रूपात नवं आयुष्य दिलं. त्या गेमची कथा सुरूच होते भारतात, एका महाराजाच्या महालावरच्या हल्ल्याने. राजपुत्राची सोबतीण फराह ही त्या महाराजाची मुलगी. याच गेमचा नवा अवतार बनवायचं काम युबिसॉफ्टच्या पुणे आणि मुंबई स्टुडिओंकडे आलं. वर्षानुवर्षं परदेशी गेम्सच्या चाचण्या आणि जोडकामं करणाऱ्या इथल्या मुलामुलींना इतक्या मोठ्या नावाची मुख्य जबाबदारी मिळणं ही मोठी गोष्ट होती.

१० सप्टेंबर २०२० रोजी, कोविडमुळे सगळे घरून काम करत असताना, गेम जाहीर झाला. तारीख २१ जानेवारी २०२१. ट्रेलरमधली चित्रं जुनाट वाटली आणि जगभरातून टीकेचा भडिमार झाला. काहींनी गेमवर बोलायचं सोडून भारतीय कारागिरांच्या कुवतीवर घसरायला कमी केलं नाही. ते अन्यायाचं होतं. अजून हात फिरवायचा बाकी असलेलं काम लोकांपुढे आणायचं आणि त्याला चार महिन्यांवरची तारीख चिकटवायची, हे पुण्यातला कुणी चित्रकार ठरवत नाही. तारीख आधी मार्च २०२१ वर गेली, मग बेमुदत. मे २०२२ मध्ये काम मॉन्ट्रियलकडे गेलं. त्याच वर्षी आगाऊ नोंदणी केलेल्यांना पैसे परत मिळाले. जून २०२४ मध्ये गेम दुसऱ्यांदा जाहीर झाला, एक जळती मेणबत्ती आणि २०२६ हा आकडा दाखवून.

जानेवारी २०२६ मध्ये, पहिल्या तारखेला पाच वर्षं होत असतानाच, युबिसॉफ्टने कंपनीच्या फेररचनेत सहा गेम रद्द केले. त्यात 'सँड्स ऑफ टाइम' होता. मन मोडलं, संताप झाला, दोनदा शब्द देऊन दोनदा मोडला अशी भावना जगभर उमटली. रद्द झालेल्या उरलेल्या पाचांपैकी चार गेम कधी जाहीरच झाले नव्हते. त्यांवरही माणसांची वर्षं गेली असणार आणि त्यांच्या निर्मात्यांचं दुःख कमी नाही. पण त्यांच्यासाठी कुणी पैसे आगाऊ भरले नव्हते, कुणी तारखा मोजल्या नव्हत्या, आणि त्यांच्या कारागिरांना अर्ध्या कामावरून जगाच्या शिव्याही खाव्या लागल्या नाहीत.